पायाशी काजळ



माणूस गेला म्हणजे काय बोलावे, कोणत्या दिवशी कोणाकडे जावे, किती दिवस घरात दिवा ठेवावा, हे आपल्याला भाषा आणि रूढी मिळून सांगतात. शोकाला त्यामुळे एक आकार येतो. परंतु काही शोक असे आहेत की ज्यांच्यासाठी भाषेने शब्द राखून ठेवले नाहीत आणि रूढीने दिवसही नेमून दिले नाहीत. घरातले कुत्रे गेल्यानंतरचा शोक हा त्यांपैकी एक होय. अशा वेळी आजची बहुतेक माणसे छायाचित्राकडे वळतात. ते योग्यच आहे, असे माझे मत आहे. मात्र छायाचित्र एकटे पुरत नाही. त्याच्या पाठीवर कोणीतरी एक ओळ लिहावी लागते, हे मला उशिरा कळले. ते कसे कळले आणि भाषेच्या अभ्यासकाला त्यातून काय घेता येईल, हे या लेखात मांडतो.

'ते', 'ती' आणि पुन्हा 'ते'

२०१० च्या जुलै महिन्यात साताऱ्यातील आमच्या घराच्या ओसरीवर एक काळे पिल्लू येऊन बसले. पावसाने भिजलेले आणि थरथरणारे. त्या संध्याकाळचे आमचे बोलणे मला आठवते. 'ते कुठून आलं?', 'ते दूध पितंय का बघा', 'सकाळी ते आपणहून जाईल.' सकाळी ते गेले नाही. दुपारी माझ्या मुलीने त्याचे नाव 'काजळ' ठेवले आणि त्या क्षणापासून घरात कोणीही त्याला 'ते' म्हटले नाही. ती 'ती' झाली.

मराठीने तीन लिंगे जपली आहेत. शेजारच्या हिंदीत नपुंसकलिंग उरलेले नाही. आपण मात्र अनोळखी प्राण्याविषयी बोलताना सहजपणे नपुंसकलिंग योजतो : ते कुत्रे, ते मांजर, ते वासरू. प्राणी ओळखीचा झाला, त्याला नाव मिळाले, की तो 'तो' होतो किंवा 'ती' होते. व्याकरणाच्या पुस्तकात हा नियम म्हणून सापडणार नाही. पण बोलणाऱ्याचे प्राण्याशी असलेले नाते सर्वनामातून कसे प्रकट होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

काजळ साडेबारा वर्षे आमच्या घरात राहिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने ती गेली. त्या संध्याकाळी एक स्नेही भेटायला आले. ते सहृदय गृहस्थ आहेत. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, 'कुत्रंच तर होतं, सर. दुसरं आणा.' त्यांच्या मनात सांत्वनच होते. पण साडेबारा वर्षांपूर्वी जी 'ते'ची 'ती' झाली होती, तिला त्या एका वाक्याने पुन्हा नपुंसकलिंगात नेऊन ठेवले. मला त्या वाक्यातला 'च' जितका लागला, त्याहून अधिक ते 'होतं' लागले.

भाषेची ही अडचण एका वाक्यापुरती नाही. माणूस वारतो, निवर्ततो, जातो. त्याला देवाज्ञा होते, तो कैलासवासी होतो. गुरे दगावतात. कुत्रे मात्र मरते, आणि 'कुत्र्याची मौत' ही तर आपल्याकडे शिवी आहे, शाप आहे. हाल कुत्रा खात नाही, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच. ज्या प्राण्याच्या इमानाचे आपण कौतुक करतो, त्याच्या नावावर भाषेने जमा केलेला बहुतेक ऐवज हा असा आहे. त्यामुळे 'आमची कुत्री वारली' असे म्हटले तर ऐकणारा हसतो आणि 'आमची कुत्री मेली' असे म्हणताना बोलणाऱ्याची जीभ अडखळते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या तासाला मी वर्गात उभा होतो, याचे एक कारण असे की रजेच्या अर्जात काय लिहावे हे मला सुचले नव्हते.

अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मधील आपल्या ग्रंथात अशा शोकाची संकल्पना मांडली. ज्या दुःखाला समाज उघडपणे मान्यता देत नाही, ज्याचे सार्वजनिक सांत्वन होत नाही, असे दुःख. आपण त्याला 'अमान्य शोक' म्हणू. शोक करणाऱ्याचे दुःख खोटे नसते. ते मांडण्याची जागा त्याला समाजाने दिलेली नसते, एवढेच.

फोटो काढणे, आठवण काढणे

त्या रात्री मी तेच केले, जे आज कोणीही करील. मोबाइल उघडला आणि काजळचे फोटो पाहत बसलो.

येथे एक क्षण आपल्या क्रियापदापाशी थांबू. मराठीत आपण फोटो 'काढतो'. चित्रही काढतो. आणि आठवणही 'काढतो'. हिंदीत फोटो 'खींचा' जातो आणि याद 'की' जाते. तेथे ही दोन कामे दोन क्रियापदांत विभागलेली आहेत. मराठीने ती एकाच क्रियापदाकडे सोपवली. काढणे म्हणजे आत असलेले बाहेर आणणे : विहिरीतून पाणी काढावे, कपाटातून शाल काढावी, तसे. आठवण काढायची तर ती आधी कोठेतरी ठेवलेली असावी लागते. फोटो काढणे ही खरे तर ठेवण्याची क्रिया. आपण तिला 'काढणे' म्हणतो. त्या रात्री मला हे क्रियापद फसवे वाटले. मी काढून ठेवलेले फोटो बाहेर निघत होते, पण त्यांतून काजळ निघत नव्हती.

माझ्याजवळ तिचे हजारावर फोटो होते. २०१० ते २०१३ या पहिल्या वर्षांचे जवळजवळ एकही नव्हते. ते जुन्या मोबाइलबरोबर गेले. उरलेल्यांपैकी बहुतेकांत ती म्हणजे एक काळा डाग आणि त्यात चमकणारे दोन ठिपके. ज्यांच्या घरी काळे कुत्रे आहे त्यांना हे ठाऊक असेल. पाठीमागे उजेडाची खिडकी असली की काळ्या केसांतले सारे बारकावे नाहीसे होतात आणि नुसती आकृती उरते. १८३९ मध्ये दागेरच्या छायाचित्रणपद्धतीची घोषणा झाली, तेव्हा एका चित्रासाठी काही मिनिटे प्रकाश घ्यावा लागे. हलणारा प्राणी त्यात धुरासारखा उमटे. तंत्र पुष्कळ पुढे गेले, पण मी घाईघाईत, उभ्याउभ्या, वरून काढलेल्या फोटोंतून माझ्या हातीही धूरच आला होता.

तरीही त्या डागाकडे मी तासभर पाहत राहिलो. याचे उत्तर चिन्हमीमांसेत मिळते. चार्ल्स सँडर्स पर्स या तत्त्वज्ञाने चिन्हांचे तीन प्रकार सांगितले. साम्यामुळे अर्थ देणारी ती प्रतिमा, प्रत्यक्ष संबंधामुळे अर्थ देणारा तो निर्देशक आणि संकेतामुळे अर्थ देणारे ते प्रतीक. धूर अग्नीचा निर्देशक. ओल्या सिमेंटवर उमटलेला पंजा हा त्या पंजाचा निर्देशक. छायाचित्र साम्यामुळे प्रतिमा असते, पण त्याचबरोबर ते निर्देशकही असते. कारण त्या प्राण्याच्या अंगावरून परतलेल्या प्रकाशानेच ते घडवलेले असते. चित्रकार न पाहिलेले कुत्रे रंगवू शकतो. साधा फोटो काढायचा तर कुत्रे समोर असावेच लागते. रोलां बार्थ यांनी छायाचित्रावरील आपल्या १९८० मधील पुस्तकात याच गोष्टीवर भर दिला : छायाचित्र 'हे होते' अशी साक्ष देते. माझ्या मोबाइलमधला काळा डाग फोटो म्हणून निकृष्ट होता. साक्षीदार म्हणून तो खोटा नव्हता.

त्याच पुस्तकात बार्थ यांनी आपल्या दिवंगत आईच्या बालपणीच्या एका छायाचित्राविषयी विस्ताराने लिहिले आहे, आणि नेमके तेच छायाचित्र पुस्तकात छापलेले नाही. ते त्यांच्यासाठीच होते. इतरांना त्यात एका लहान मुलीचा जुना फोटो यापलीकडे काही दिसले नसते. म्हणजे साक्ष खरी असली, तरी ती कोणाविषयी आहे हे छायाचित्र स्वतः सांगत नाही. ते सांगणारा माणूस असेतोवरच छायाचित्र बोलते.

दगडावरचे कुत्रे

हा प्रश्न छायाचित्रापेक्षा फार जुना आहे. महाराष्ट्रात गावोगावी, देवळाच्या आवारात किंवा वेशीबाहेर, वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेत आहेत, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. शिल्प स्पष्ट असते. पण आपल्याकडील बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. म्हणून कोणी एक जण गावासाठी किंवा गुरांसाठी लढून मेला, एवढेच आपल्याला कळते. गाव त्या दगडाला शेंदूर लावते, पण वीराचे नाव घेऊ शकत नाही.

आता कर्नाटकातील एक दगड पाहा. मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे दहाव्या शतकाच्या मध्यावरचा, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला एक शिलालेख सापडला. लेख कन्नडमध्ये आहे. गंग राजा बूतुग याच्याकडे मणलेर नावाचा योद्धा होता. त्याच्या पराक्रमावर प्रसन्न होऊन धन्याने त्याला काही मागण्यास सांगितले, तेव्हा त्याने 'काळी' नावाचे शिकारी कुत्रे मागून घेतले. पुढे हे कुत्रे एका मोठ्या रानडुकरावर सोडले गेले आणि झुंजीत दोघेही मेले. मणलेराने देवळासमोर दगड उभारला आणि त्यासाठी जमीन दिली. दगडावर कुत्रे आणि डुक्कर यांची झुंज कोरलेली आहे. सोबत अक्षरे आहेत, आणि त्या अक्षरांत कुत्र्याचे नाव आहे.

हजाराहून अधिक वर्षांनंतर आपण त्या प्राण्याविषयी 'एक कुत्रे' असे न म्हणता 'काळी' असे म्हणू शकतो, ते कोरलेल्या आकृतीमुळे नव्हे. आकृती कोणत्याही कुत्र्याची असू शकली असती. तिच्या शेजारच्या अक्षरांनी ती एकाची केली. पर्सच्या भाषेत सांगायचे तर प्रतिमेला प्रतीकाची, म्हणजे शब्दाची, जोड मिळाली. मराठी वीरगळांतील कितीतरी शूर माणसांना जे लाभले नाही, ते या कुत्र्याला लाभले. कारण त्याच्या धन्याला लिहून ठेवावेसे वाटले.

पाहणे आणि काढणे

आधुनिक काळातले एक उदाहरण विल्यम वेगमन या अमेरिकन छायाचित्रकाराचे आहे. १९७० च्या सुमारास त्यांनी वायमारानर जातीचे एक राखाडी पिल्लू आणले आणि प्रसिद्ध छायाचित्रकाराच्या नावावरून त्याचे नाव 'मॅन रे' ठेवले. पुढील जवळजवळ बारा वर्षे हे कुत्रे त्यांच्या चित्रफितींत आणि छायाचित्रांत वावरत राहिले. १९८२ मधील 'डस्टेड' या छायाचित्रात वरून पांढरी पूड अंगावर पडत असता मॅन रे शांत बसलेला दिसतो. त्याच वर्षी तो कर्करोगाने गेला. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाने त्या वर्षीचा 'मॅन ऑफ द इयर' म्हणून त्याची निवड केली. त्या मान्यतेत विनोद होता आणि आदरही होता. वेगमन यांच्याकडे पुढचे कुत्रे, फे रे, आले ते काही वर्षांनी. 'दुसरं आणा' या वाक्याला आवश्यक असलेला काळ त्यांनी जाऊ दिला.

आपण वेगमन नाही आणि आपल्या घरातले कुत्रे काही कलाकृतीचा विषय होण्यासाठी राहत नाही. पण त्या छायाचित्रांतून एक गोष्ट शिकता येते. तेथे छायाचित्रकार कुत्र्याच्या उंचीवर आला आहे. वरून खाली पाहणारा डोळा त्याने सोडला आहे. मी काजळचे जे फोटो काढले, त्यांत मी बहुधा उभा होतो. मी जमिनीवर बसलो असतो, सकाळच्या तिरप्या उजेडात ओसरीवर तिच्या बाजूने कॅमेरा धरला असता, ती उठते कधी, कोणत्या पायरीवर हनुवटी टेकते, हे आठवडाभर नुसते पाहिले असते, तर दहा फोटो पुरले असते. हजार फोटो हे पुष्कळदा न पाहिल्याचे लक्षण असते.

दोन आक्षेप

या सगळ्यावर दोन आक्षेप घेतले जातात. त्यांना उत्तर देणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप असा की, माणसांची दुःखे थोडी आहेत का, म्हणून कुत्र्याच्या फोटोंचे कौतुक मांडावे? भटक्या कुत्र्यांच्या चाव्याने आणि रेबीजने आपल्या देशात माणसे मरतात. त्यांच्या घरच्यांपुढे हा लेख कोणत्या तोंडाने वाचावा? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. रेबीजची बाधा होऊन लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. म्हणून कुत्र्यावर प्रेम करणाऱ्याचे पहिले कर्तव्य लसीकरणाचे आहे, फोटोचे नंतर. पण एका दुःखाला जागा दिली म्हणजे दुसऱ्याची जागा कमी होते, असा शोकाचा हिशेब नसतो. ज्याला आपल्या घरातील मुक्या प्राण्याचे दुःख नीट भोगता आले, तो दुसऱ्याच्या दुःखाशी अधिक निष्ठूर होतो, असे मी पाहिलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. फोटो आठवणीला खाऊन टाकतो. आपण कुत्रे विसरतो आणि फोटो लक्षात ठेवतो. यात तथ्य आहे. फरशीवर वाजणारी काजळची नखे कोणत्याही फोटोत नाहीत. पावसात भिजल्यावर तिला येणारा वास नाही. मी कॉलेजमधून परतताना कोपऱ्यावरच्या दुकानापाशी पोहोचलो की ती उठून फाटकाशी येत असे, असे पत्नी सांगते. तेही फोटोत नाही, कारण फोटो काढणारा मी त्या वेळी कोपऱ्यावर होतो. पण या आक्षेपाचे उत्तर फोटो न काढणे हे नाही. फोटोत जे येत नाही ते लिहून ठेवणे हे आहे.

याच संदर्भात शेवटच्या दिवसांविषयी माझे मत सांगतो. म्हातारपणाचा फोटो अवश्य काढावा. पांढरे झालेले तोंड, धूसर झालेले डोळे ही त्या आयुष्याची कमाई आहे. सलाइन लावलेल्या, धापणाऱ्या प्राण्याचा फोटो चारचौघांत दाखवण्यासाठी काढू नये. माणसाच्या बाबतीत जो संकोच आपण पाळतो, तो ज्याला नकार देता येत नाही त्याच्या बाबतीत अधिक पाळला पाहिजे. काजळच्या शेवटच्या आठवड्यातले दोन फोटो माझ्याजवळ होते. ते मी पुसले आणि मला पश्चात्ताप नाही.

एका ओळीचे मोल

काजळ गेल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मी वडिलांची लोखंडी पेटी उघडली. अण्णा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. २०१८ मध्ये ते गेले. पेटीत त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या दिवशीचा एक कौटुंबिक फोटो होता. तो दिवस मला स्पष्ट आठवतो. छायाचित्रकाराने सर्वांना अंगणात उभे केले, अण्णांना खुर्चीवर बसवले आणि म्हणाला, 'कुत्र्याला जरा बाजूला घ्या.' अण्णा म्हणाले, 'असू द्या. ती घरातलीच आहे.'

तरीही पेटीतल्या त्या फोटोत काजळ नव्हती. छापताना कागदाच्या मापात बसवण्यासाठी खालची बाजू कापली गेली होती. अण्णांच्या डाव्या चपलेजवळ एक काळी रेघ तेवढी वळलेली दिसत होती. ते तिच्या शेपटीचे टोक. ज्याला ठाऊक नाही, त्याला ती सावली वाटेल.

मी फोटो उलटला. आयुष्यभर शाळेच्या समूहछायाचित्रांखाली ज्या पद्धतीने नावे लिहिली, त्याच पद्धतीने, त्याच निळ्या शाईने अण्णांनी लिहिले होते : 'रविवार, दि. ९ नोव्हेंबर २०१४. माझा अमृतमहोत्सव.' पुढे 'डावीकडून उभे' म्हणून आमची सर्वांची नावे, 'बसलेले' म्हणून त्यांचे स्वतःचे. आणि शेवटी, तितक्याच काळजीपूर्वक, 'पायाशी काजळ.'

माझ्या हजार फोटोंत ती दिसत होती आणि सापडत नव्हती. या फोटोत ती दिसत नव्हती आणि तिचे स्थान मात्र पक्के होते : घरातल्या माणसांच्या यादीत, नावानिशी, पायाशी. अण्णांनी तिच्यावर निबंध लिहिला नाही, तिला माणूसही केले नाही. 'पायाशी' हा शब्द तिची जागा नेमकी सांगतो. दोन शब्दांत त्यांनी ते केले, जे मला रजेच्या अर्जात करता आले नव्हते.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. घरातल्या प्राण्याचे फोटो काढा. बसून, उजेड पाहून, थोडे काढा. त्यांतले पाच-सहा कागदावर छापून घ्या, कारण मोबाइल बदलतो. प्रत्येकाच्या पाठीवर नाव, तारीख, ठिकाण आणि फोटोत न आलेली एक गोष्ट लिहा. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नसेल, तर चिठ्ठीवर लिहून ती फोटोबरोबर ठेवा. आणि सामूहिक फोटो काढताना कोणी 'बाजूला घ्या' म्हणाले, तर अण्णांचे उत्तर लक्षात असू द्या.

मी आता काजळचे सहा फोटो निवडले आहेत. सगळे काळेच आहेत. त्यांपैकी एकाच्या पाठीवर लिहिले आहे : 'काजळ. ओसरी, सातारा. ऑगस्ट २०१९. मागे पाऊस. फरशीवर नखे वाजवीत येत असे.' वाक्याला कर्ता लिहिलेला नाही. मराठीत त्याची गरज नाही, आणि ती कोण हे वरच्या नावाने सांगितलेच आहे.

स्वाध्याय

१. आपल्या बोलीत प्राण्यांच्या मृत्यूसाठी कोणती क्रियापदे वापरली जातात, याची घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून यादी करा. कोणत्या प्राण्यासाठी कोणते क्रियापद, याची नोंद घ्या.

२. प्रतिमा, निर्देशक आणि प्रतीक यांतील फरक छायाचित्र, वीरगळ आणि आतकूरचा शिलालेख यांच्या आधारे स्पष्ट करा.

३. आपल्या घरातील एका जुन्या छायाचित्राच्या पाठीवर लिहिता येईल असा चाळीस शब्दांपर्यंतचा मजकूर तयार करा. छायाचित्रात न दिसणारी किमान एक गोष्ट त्यात यावी.